करंगळी

मेसेज आला तेव्हा धाकटी ऑफिसातल्या चहाच्या मशीनपाशी उभी होती आणि मशीन नेहमीसारखं अर्धा कप भरून थांबलं होतं. ताईचा मेसेज म्हणजे एरवी एखादा फोटो, नाहीतर ‘पोचलीस का’ एवढंच. हा जरा लांब होता. ‘तुझा खेळ खेळतेय. त्यातला राजपुत्र मोच्याची करंगळी पिरगाळतो. हे तुला कुठून कळलं?’ धाकटीनं तो वाचला, फोन पालथा करून कपांच्या चवडीशेजारी ठेवला आणि मशीनचं बटण पुन्हा दाबलं. कप भरून वाहायला लागला तरी तिचं लक्ष नव्हतं. मागे उभा असलेला चित्रकार म्हणाला, "बाई, पूर आला," तेव्हा ती भानावर आली, हसली, कागदी रुमाल घेऊन पुसायला लागली. पुसता पुसता तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की ताईला खेळ लावून कोणी दिला? विचार अगदीच बिनकामाचा होता आणि तो बिनकामाचा आहे हे तिला कळतही होतं. उत्तरही माहीत होतं. ताई तीन आठवड्यांपूर्वी दुकानाची पायरी चुकून घोटा मोडून घेऊन घरी बसली होती, चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढणारी बाई दिवसभर भिंतीकडे बघत बसणार किती, तेव्हा भाचीनंच लावून दिला असणार, चाचणीची प्रत तिच्याकडे होतीच. मावशीचा खेळ आहे, बघ तरी. आजवर ताईनं धाकटीचं काम कधी पाहिलं नव्हतं. ‘ते तुमचं राक्षसांचं’ म्हणायची, आणि धाकटीला ते बरं वाटायचं. का बरं वाटायचं, हे तिनं स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

धाकटीचं काम लोकांना पेचात पाडायचं. कंपनी जादूच्या राज्यातले खेळ बनवायची. तलवारी वेगळी माणसं करायची, डोंगर आणि किल्ले वेगळी, आणि वाटेत खेळणाऱ्याला ज्या ज्या ठिकाणी थबकून ‘आता काय करू’ असं वाटतं त्या जागा धाकटीच्या. ऑफिसात तिला सगळे पेचवाल्या बाई म्हणत. तुझं गाव जाळणारा, आग ओकणारा म्हातारा अजगर मरायला टेकलाय, स्वतःच्या अंड्यावर बसून, अंडं तुझ्या ओटीत टाकतो म्हणतो, घेशील? जादूगारीण गावाला पाऊस देते, पण दर पावसाला गावातल्या एकाची एक आठवण घेते, आणि कोणाची काय गेली हे कोणालाच कळत नाही, तुला कळलंय, बोलशील? असलं ती आठवड्याला दोन-तीन लिहायची. बारा वर्षांत तिचे काही दंडक ठरून गेले होते. चांगला पर्याय चांगला दिसता कामा नये. कुठल्याही निवडीचं फळ लगेच मिळता कामा नये, दोन-तीन तासांनी, माणूस विसरल्यावर मिळावं. आणि सगळ्यांत मोठा दंडक, जो ती नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगायची: पासंग लावायचा नाही. तुम्हाला स्वतःला काय बरोबर वाटतं ते तराजूला कळता कामा नये. दोन्ही पारड्यांत खरं वजन टाका आणि हात काढून घ्या. नवी मुलं हे वहीत लिहून घेत.

दासीचा पेच तिनं गेल्या वर्षी एका दुपारी एकटाकी लिहिला होता. खेळणारा त्या भागापुरता राजवाड्यातली दासी होतो. राजकन्येचं लग्न चार दिवसांवर आलंय. दासी जोडे आणायला मोच्याकडे जाते तर तिथे होणारा नवरा उभा आहे, मोच्याचा हात हातात घेऊन. चेहऱ्यावर हसू. ‘जोडा एक बोट तोकडा झालाय,’ तो हळू आवाजात म्हणतो, ‘कुठलं बोट, सांगा बघू?’ आणि मोच्याची करंगळी मागे मागे वाकवत राहतो. मग त्याला दासी दिसते आणि तो हात सोडतो. एवढंच. आता राजकन्येला सांगायचं की नाही? सांगितलं तर राजकन्या दासीला हाकलून देते आणि लग्न करतेच. नाही सांगितलं तरी लग्न होतंच. फरक फक्त दासीच्या नशिबात. चाचणीला आलेल्या लोकांतल्या शंभरातल्या त्रेसष्टांनी सांगायचं ठरवलं, आणि लग्न तरीही झालेलं बघून बरेच जण नुसते बसून राहिले होते. गटाचा प्रमुख, ज्याला सगळे कप्तान म्हणत, तो म्हणाला होता, "बाई, हा तुमचा सगळ्यांत प्रामाणिक पेच. आयुष्य असंच असतं." धाकटी त्या दिवशी खूश होऊन घरी गेली होती. आता ओला रुमाल हातात घेऊन ती ते वाक्य आठवत होती आणि तिला दाढेत काहीतरी अडकल्यासारखं होत होतं.

कारण मोची नव्हता, शिंपी होता. आणि जोडा नव्हता, कोटाची बाही होती. धाकटी वीस वर्षांची होती, ताईच्या लग्नाला चार दिवस होते आणि बाबांचा उसवलेला कोट शिवून आणायला तिला पाठवलं होतं. दुकान खोलगट होतं, पुढे कापडाचे तागे उभे, मागे पडदा. पडदा अर्धा सरकलेला होता म्हणून दिसलं. होणारे भाऊजी उभे होते, अंगात नवा कोट, एक बाही टाचण्या लावलेली. म्हाताऱ्या शिंप्याचा हात त्यांनी असा धरला होता की लांबून बघणाऱ्याला वाटावं, आभार मानताहेत. "बाही एक बोट आखूड झालीय. कुठलं बोट, सांगा बघू?" शिंपी काही ओरडला नाही. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं आणि दोन दातांच्या मध्ये धाग्याचा तुकडा तसाच होता. भाऊजींनी तिला पाहिलं, हात सोडला, शिंप्याच्या खांद्यावर थोपटलं, म्हणाले, "अरे, मेव्हणीबाई! चला, घरी सोडतो." आणि धाकटी त्यांच्या गाडीत बसली. हे तिनं दासीच्या पेचात घेतलं नव्हतं. ती बसली, मांडीवर बाबांचा कोट घेऊन, आणि ते विचारत होते त्याची उत्तरं देत होती. कॉलेज कसं चाललंय, ताईला खरंच निळा रंग आवडतो की उगाच म्हणते. घरी दार ताईनंच उघडलं. तिच्या हातात पाहुण्यांची यादी होती, केसांत पेन्सिल खोचलेली. "आली का कोटवाली," ती म्हणाली. घरात माणसंच माणसं होती. त्या चार दिवसांत ताई एकटी कधी सापडलीच नाही, असं धाकटीनं पुढे स्वतःला अनेकदा सांगितलं. तेही खरं नव्हतं. रात्री दोघी एकाच खोलीत, हातभर अंतरावर झोपत होत्या.

भाऊजींनी ताईवर कधी हात उगारला नाही. असं सगळेच म्हणत, ताई चौदा वर्षांनी लेकीला घेऊन वेगळी झाली तेव्हासुद्धा म्हणत. काय झालं, विचारलं तर ताई म्हणायची, "पटलं नाही." कागदावरही ‘मतभेद’ एवढंच होतं. त्यालाही आता नऊ वर्षं झाली. धाकटीनं मानून घेतलं होतं की शिंप्याच्या दुकानात पाहिलं ते दुकानातच राहिलं असेल. माणसं बाहेर एक आणि घरात एक असतातच की. आज, चहाच्या मशीनपाशी, त्या तीन वाक्यांवरून तिला पहिल्यांदा कळलं की तसं नव्हतं. ताईनं ती करंगळी चित्रात बघून ओळखली नव्हती. हातानं ओळखली होती.

तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कप्तानाला म्हणाली, ताईला बघून येते, पाय मोडलाय. खोटं नव्हतं. बसमध्ये बसल्यावर सवयीनं तिनं मनातल्या मनात फांद्या काढायला सुरुवात केली, ताई असं म्हणाली तर आपण असं, तसं म्हणाली तर तसं. तिसऱ्या थांब्यापर्यंत तिच्याकडे सहा फांद्या तयार होत्या आणि प्रत्येकीत ताई शेवटी म्हणत होती, ‘जाऊ दे गं.’ तिला स्वतःचीच शरम वाटली. बारा वर्षं हेच काम करून आपल्याला दुसऱ्या माणसाच्या तोंडी आपल्याला हवं तेच घालता येतं, एवढीच काय ती कमाई. खिडकीबाहेर एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी पुसत होता. तिला वाटलं उतरावं आणि परत जावं. उत्तर काय, लिहूनही पाठवता येईल.

ताईच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. ताई कोचावर, प्लास्टरचा पाय स्टुलावर, पायाखाली दोन उशा. समोर टीव्हीला खेळ जोडलेला, पडद्यावर दासी राजवाड्याच्या जिन्यात उभी राहून श्वास घेत होती. काही केलं नाही की पात्रं तशीच श्वास घेत उभी राहतात.

"जेवलीस?" ताईनं विचारलं.

"हो."

"खोटं बोलतेस. डब्यात पोळ्या आहेत."

"नको गं."

धाकटी समोरच्या खुर्चीवर टेकली. ताईनं चष्मा काढला, पदराच्या टोकानं पुसला, परत घातला. दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर काचा बदलताना तिचा जो आवाज असतो, हे स्पष्ट की मघाचं स्पष्ट, त्याच बिनरागाच्या आवाजात तिनं विचारलं, "पोरीनं सांगितलं का तुला?"

"काय?"

"करंगळीचं. टेबलाखाली धरायचे. पाहुणे आलेले असायचे, सगळे जेवत असायचे, हेही हसत, बोलत. मी काही चुकीचं बोलले की खालून. मी कोणाला बोलले नाही कधी. वकिलालासुद्धा नाही. पोरगी लहान होती, टेबलाखाली खेळत असायची. मला सकाळपासून एकच वाटतंय, की तिनं पाहिलं होतं आणि तुला सांगितलं. एवढी वर्षं तिच्या मनात ते आहे." ताई थांबली. "का तू आपली मनानंच लिहिलंस? तसं असलं तर तसं सांग. मनानं सुचतंही माणसाला."

हे दार ताईनंच उघडून दिलं होतं. ‘मनानंच लिहिलं’ म्हटलं की संपलं. ताई मान हलवेल, म्हणेल, बघ, कसा योगायोग, मग पोळ्या गरम करायला सांगेल. पण मग ती लेकीकडे बघेल तेव्हा, उद्या, परवा, दर जेवणाला, थोडा थोडा संशय राहीलच. धाकटीला हे सगळं एकदम दिसलं. तिनं लिहिलेल्या कुठल्याही पेचापेक्षा हा नीट बांधलेला होता आणि तिनं बांधलेला नव्हता. तिला पुढे आठवायचा प्रयत्न करूनही आठवेना की आपण विचार केव्हा केला. तोंडातून शब्द आधी गेले.

"पोरीनं काही नाही पाहिलं. मी पाहिलं. तुझ्या लग्नाच्या चार दिवस आधी. बाबांचा कोट आणायला गेले होते ना."

आणि तिनं सांगितलं. पडदा, टाचण्या, दातांतला धागा. गाडीत बसले तेही सांगितलं. ताई ऐकत होती आणि पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते सुटकेचं होतं. तिनं मोठा श्वास सोडला, मान मागे टेकली, "पाहिलं नाही ना तिनं," असं स्वतःशीच म्हणाली. मग हळूहळू तिची नजर परत आली.

"चार दिवस," ती म्हणाली.

"हो."

"का नाही सांगितलंस?"

"घरात सगळे इतके खुशीत होते. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकत असेल बघण्यात. आणि..." पुढचं तिनं आजवर मनातल्या मनातसुद्धा पूर्ण वाक्यात म्हटलं नव्हतं. "आणि तू गेलीस की खोली मला एकटीला मिळणार होती."

ताई तिच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग सगळं अंग हलायला लागलं, प्लास्टरचा पाय उशीवरून घसरला. "खोली!" ती म्हणाली. "अगं, त्या खोलीत ओल होती. भिंतीला हात लावला की चुना हाताला यायचा." धाकटीही हसली, हसू आलं म्हणून नव्हे, ताई हसतेय म्हणून, आणि मग दोघीही एकदम थांबल्या. टीव्हीतली दासी श्वास घेत होती.

"मी ‘सांग’ म्हटलं," ताई म्हणाली, पडद्याकडे बोट करून. "दासीला. त्यावर ती बया तिला हाकलून देते आणि करते लग्न. मी परत मागे जाऊन पुन्हा सांगितलं, वेगळे शब्द निवडून. तरी करते. काहीही करा, करतेच. हे तू लिहिलंस?"

"हो."

"म्हणजे तू मला सांगितलं असतंस तरी मी केलंच असतं."

धाकटी पडद्यावरच्या दासीकडे बघायला लागली.

"मी नसतं केलं," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुला सांगून ठेवते. तू त्या रात्री सांगितलं असतंस तर मी सकाळी बाबांना सांगितलं असतं आणि लग्न मोडलं असतं. मी तशीच होते तेव्हा. तुला आठवत नसेल. नंतरची मी तुला जास्त माहीत आहे."

धाकटीला आठवत होतं. केसांतली पेन्सिल आठवत होती, पाहुण्यांच्या यादीवर ताईनं मारलेल्या फुल्या आठवत होत्या, मोठ्या काकांच्या नावावरसुद्धा, कारण ते आईला एकदा वाटेल ते बोलले होते. तशी मुलगी होती ती. तेवीस वर्षं धाकटीनं तिच्या जागी एक दुसरी मुलगी ठेवली होती, भोळी, लग्नाच्या नादात बुडालेली, कोणाचं काही न ऐकणारी. आणि मग तिला मुकुट घालून खेळात उभी केली होती. शंभर जणांतल्या त्रेसष्टांनी जीव तोडून तिला सांगितलं आणि त्या सगळ्यांना धाकटीनं तेच उत्तर दिलं होतं: काही उपयोग झाला नसता. पासंग म्हणतात तो हाच. आणि कप्तान याला प्रामाणिक म्हणाला होता.

"नसतं केलंस तर काय केलं असतंस?" तिनं विचारलं. विचारायचा हक्क आपल्याला आहे का, हे न ठरवताच.

ताईनं वाकून उशी सारखी केली. "मला डोळे तपासायच्या त्या दोन वर्षांच्या शिक्षणाचं पत्र आलं होतं ना, दुसऱ्या शहरातलं. तिथे गेले असते. आई वर्षभर बोलली नसती. बाबा बोलले असते, पण आईसमोर नाही. तिथलं मला फारसं आवडलं नसतं बहुतेक, मला एकटीला जेवण जात नाही. परत आले असते. मग कुठलं तरी दुकान, तेच डोळे, तेच नंबर. दुसरं लग्न... काय की. कदाचित त्याच्याहून वाईटही कोणी भेटला असता, सांगता येतं का?" ती बोलत होती ते एखाद्या नात्यातल्या बाईची हकीकत सांगावी तसं. "हात दुखले नसते. एवढं नक्की." मग जरा थांबून म्हणाली, "आणि ही नसती."

‘ही’ तेवढ्यात कॉलेजातून आली होती, दारात चपला काढत होती. "कोण नसती?" तिनं विचारलं.

"तू."

"मी नसते तर तुला हा खेळ कोणी लावून दिला असता?" भाची म्हणाली आणि पोळ्यांचा डबा शोधत आत गेली.

दोघी बहिणी तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. "हेही लिही," ताई हळूच म्हणाली. "नुसतं गोड गोड लिहू नकोस. लग्न मोडलं आणि सुखी झाली, तसलं नाही. पण मोडते असं लिही." आणि धाकटी उठायला लागली तेव्हा, तिच्याकडे न बघता, "मला राग आलाय गं. किती आलाय ते अजून कळलेलं नाही. आठवडाभर फोन करू नकोस. मी करीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी कप्तानाच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. दासीचा पेच बदलायचाय, म्हणाली. सांगितलं तर राजकन्या लग्न मोडेल. कप्तानानं डोक्यावरचे हेडफोन गळ्यात घेतले. "बाई, आवाज रेकॉर्ड होऊन गेलेत. चाचणीतले लोक याच पेचाबद्दल बोलतायत. ती लग्न मोडते म्हणजे पुढचे तीन प्रसंग उडाले. कारण काय?"

"मी पासंग लावला होता."

तो हसायच्या बेतात होता, पण तिच्या तोंडाकडे बघून हसला नाही. "कुठल्या बाजूला?"

"माझ्या."

त्यानं पुढे काही विचारलं नाही. याबद्दल धाकटी पुढेही त्याची आभारी राहिली. नऊ दिवस दिले. त्याच्यावर एक दिवस नाही, म्हणाला, आणि आवाजाच्या मुलीला तुम्हीच फोन करा, ती माझ्यावर डाफरते.

नऊ दिवस धाकटी लिहीत होती. राजकन्या लग्न मोडते. राणी तिच्याशी वर्षभर बोलत नाही. ती दूरच्या नगरात भिंगं घासायला शिकते, एकटीला जेवण जात नाही, परत येते. तिच्या घराच्या अंगणात एक पोर नसतं आणि ते नाही हे कोणालाच ठाऊक नसतं. फक्त खेळणाऱ्यानं आधी दुसरी वाट धरली असेल तर त्याला अंगण रिकामं वाटेल. हे लिहून झाल्यावर तिला दुसऱ्या फांदीकडे वळणं भाग पडलं, न सांगितलेल्या. तिथे तिनं दासीला राजवाड्यात म्हातारी होऊ दिलं होतं आणि पुढे काही नव्हतं. आता तिनं एक प्रसंग घातला. खूप पुढे, खेळणारा ती दासी विसरून गेल्यावर, राजकन्या तिला बोलावून घेते आणि विचारते, ‘तुला माहीत होतं?’ खाली नेहमीसारखी उत्तरांची जागा सोडली होती. धाकटीनं तिथे तीन उत्तरं लिहिली, मग चार लिहिली. दोन दिवस ती ती उत्तरं घासत होती. मला नक्की कळलं नव्हतं. मी लहान होते. तुम्ही ऐकलं नसतं. प्रत्येक वाक्य चांगलं होतं, तोलून मापून लिहिलेलं. आठव्या दिवशी तिनं ती सगळी काढून टाकली आणि एकच ठेवलं: ‘हो.’

कप्तान तिच्या खांद्यामागे उभा राहून बघत होता. "एकच बटण?" तो म्हणाला. "मग खेळणारा निवडणार काय?"

"काही नाही," धाकटी म्हणाली. "घड्याळ लावू नका फक्त. दाबायला त्याला हवा तेवढा वेळ घेऊ द्या."